पॅरामीटर कुणाचा? संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्याविषयी

संख्याशास्त्राचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा. पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकरणात चौकटीत छापलेली व्याख्या सापडते. समष्टीचं वर्णन करणारी संख्या म्हणजे पॅरामीटर, नमुन्याचं वर्णन करणारी संख्या म्हणजे स्टॅटिस्टिक. पॅरामीटर स्थिर असतो पण अज्ञात असतो. स्टॅटिस्टिक आपल्याला कळतं, पण दर नमुन्यागणिक बदलतं. पहिल्याला ग्रीक अक्षरं, दुसऱ्याला रोमन. म्यू म्हणजे समष्टीची सरासरी, सिग्मा म्हणजे तिचं प्रमाण विचलन. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो, दोन गुण घेतो, आणि पुस्तक पुढे निघून जातं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सूत्रांविषयी आमची तक्रार नाही, सूत्रं बरोबरच आहेत. तक्रार आहे ती या चौकटीविषयी. ‘स्थिर पण अज्ञात’ यातला ‘अज्ञात’ हा शब्द सगळ्यांचं लक्ष खाऊन टाकतो. अज्ञात आहे ना, मग चला अंदाज करू, आणि त्या अंदाजाची सहाशे पानं. ‘स्थिर’ या शब्दाकडे मात्र कुणी वळून बघत नाही. स्थिर कुणी केला? आकाशात ध्रुवतारा असतो तसा तो कुठे आधीपासून बसलेला असतो का? आजचं व्याख्यान एवढ्याच एका शब्दाविषयी आहे, आणि तो शब्द न तपासल्यामुळे माणसांचं काय होतं, याविषयी.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. नमुनाशास्त्राचं एवढं चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही. पातेलं दोन माणसांचं असो की लग्नघरातलं, तपासायला चार शितं पुरतात. नमुना समष्टीच्या किती टक्के आहे याला जवळजवळ महत्त्व नसतं, तो नीट ढवळलेल्यातून काढला आहे का याला असतं. हे पुस्तकंही सांगतात. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट ठाऊक असते, जी पुस्तक सांगत नाही. ती शीत दाबते, ते ‘शिजला का’ हे बघायला. मीठ बरोबर आहे का हे बघायचं असेल तर ती चाखून बघेल. भात तळाला लागलाय का हे बघायचं तर वरची शितं कितीही दाबली तरी उपयोग नाही, वास घ्यावा लागतो. भात एकच, पण प्रश्न तीन. प्रश्न ठरल्याशिवाय ‘भाताचा पॅरामीटर’ अशी काही चीज नसते.

आता शब्दांकडे येऊ. ‘पॉप्युलेशन’ला पुष्कळ विद्यार्थी ‘लोकसंख्या’ म्हणतात, आणि घोटाळ्याला सुरुवात तिथून होते. लोकसंख्या ही स्वतःच एक संख्या आहे. पॉप्युलेशन ही संख्या नव्हे, तो समुदाय आहे, आणि तो लोकांचाच असायला हवा असंही नाही. शेतं, बल्ब, दिवस, रक्ताचे नमुने, काहीही चालतं. म्हणून परिभाषा करणाऱ्यांनी ‘समष्टी’ हा शब्द घेतला. तो आमच्या अंगणातला शब्द. वेदान्तात व्यष्टी आणि समष्टी ही जोडी येते, आणि सदानंदांच्या वेदान्तसारात तिचा दृष्टान्त आहे तो झाडं आणि वन यांचा. सुटी सुटी बघितली तर झाडं, एकत्र बघितली तर वन.

शब्द छान आहे, पण त्यात एक आमिष आहे. वन म्हटलं की ते आपोआप तिथे उभं आहे असं वाटतं. इथे आम्हांला वेदान्त्यांपेक्षा नैयायिक जास्त उपयोगी वाटतात. ते जाती आणि उपाधी असा भेद करतात. गोत्व ही जाती. गाय गाय असते, तुम्ही ठरवा वा न ठरवा. पण ‘पाचकत्व’, म्हणजे स्वयंपाकी असणं, ही जाती नव्हे, ती उपाधी. कोण स्वयंपाकी हे कामावरून ठरतं, बाहेरून लावलेल्या निकषावरून ठरतं. संख्याशास्त्राच्या पुस्तकातली समष्टी जातीसारखी वागवली जाते. प्रत्यक्षात ती जवळजवळ नेहमी उपाधीने बनलेली असते. ‘महाराष्ट्रातली ग्रामीण कुटुंबं’ म्हणा. ग्रामीण कशाला म्हणायचं? कुटुंब म्हणजे एका छपराखालचे की एका चुलीवरचे? ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेलं कुटुंब कुठल्या गावात मोजायचं? प्रत्येक उत्तरासरशी समष्टी बदलते आणि तिच्याबरोबर म्यूही बदलतो. म्यू स्थिर आहे हे खरं, पण ही सगळी उत्तरं दिल्यानंतर.

हा सगळा भेद स्पष्टपणे मांडला रोनाल्ड फिशर यांनी, १९२२ साली, रॉयल सोसायटीपुढच्या सैद्धान्तिक संख्याशास्त्राच्या पायावरील निबंधात. ‘पॅरामीटर’ हा शब्द आज ज्या अर्थाने शिकवला जातो तो अर्थ तिथे पक्का झाला. फिशर यांची तक्रार अशी होती, की आपण ज्या खऱ्या मूल्याच्या शोधात आहोत त्यालाही ‘सरासरी’ म्हणतो, आणि हातातल्या आकड्यांवरून जी काढली तिलाही ‘सरासरी’च म्हणतो. दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव, आणि म्हणून प्रश्नच नीट मांडता येत नाही. तक्रार अगदी रास्त. आमच्या मते त्या निबंधाचं निम्मं मोल या एका निरीक्षणात आहे.

पण त्याच निबंधात फिशर दुसरंही एक काम करून जातात. ते म्हणतात की संख्याशास्त्रज्ञ एक काल्पनिक अनंत समष्टी उभी करतो आणि हातातली माहिती हा तिच्यातून आलेला नमुना मानतो. लक्षात घ्या, उभी करतो, सापडते असं नाही. शंभर रोपांवर खताचा प्रयोग केला तर ती शंभर रोपं कुठल्या समष्टीतून आली? अशा अनंत रोपांचं शेत जगात कुठेच नाही. ते शेत विचारात आहे. फिशर यांना हे पुरतं ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. प्राथमिक पुस्तकांनी मात्र फिशर यांचा भेद घेतला आणि ‘काल्पनिक’ हा शब्द वाटेत सांडला. राहिलं काय? ‘स्थिर पण अज्ञात’.

कुणी म्हणेल, काल्पनिक समष्टीचं सोडा, खऱ्याखुऱ्या मोजता येणाऱ्या समष्टीत तर अडचण नाही ना? आख्खा देश मोजला की झालं. बरं, मोजू. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटींच्या वर भरली. त्या मोजणीनंतर एक तपासणी पाहणी झाली, तीत असं दिसलं की दर हजारी निव्वळ २३ माणसं मोजायची राहून गेली. हे कशावरून कळलं? नमुन्यावरून! समष्टीच्या मोजणीतली चूक दाखवायला नमुन्याची पाहणी लागली. म्हणजे जिथे माणसं हाडामांसाची, सीमा आखलेल्या, आणि ‘किती?’ एवढाच प्रश्न, तिथेही पॅरामीटर हातात येत नाही, अंदाजच येतो.

आता शेतात जाऊ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव आजच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. पुण्यात शिकले, लंडनला डॉक्टरेट केली, परत येऊन कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या पाहण्या उभ्या केल्या. १९४० च्या दशकात त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जोरदार वाद झाला. विषय दिसायला किरकोळ: एकरी उत्पन्न किती हे कळायला शेतातला केवढा तुकडा कापायचा? महालनोबिस यांची पद्धत लहान तुकड्यांची. तुकडा लहान म्हणजे खर्च कमी, म्हणून पुष्कळ ठिकाणी कापता येतो. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा उत्पन्न फुगवून दाखवतो.

का फुगवतो? कापणारा माणूस कडेला उभं असलेलं रोप आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं यात सहसा आत घेतो. भरलेलं कणीस सोडवत नाही. आता साधं गणित करा. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि कडेने सरासरी दोनच इंच जास्त घेतलं, तर क्षेत्र सतरा टक्क्यांनी वाढतं. वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात तीच दोन इंचांची चूक झाली तर वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आत राहते. लहान तुकड्यात कड जास्त आणि पोट कमी, एवढाच मुद्दा. आणि ही चूक नमुना वाढवून जात नाही. दहा हजार तुकडे कापा, पन्नास हजार कापा, सरासरी अधिकाधिक ठामपणे चुकीच्या जागी जाऊन बसते.

पण आमचा रस याच्या पुढच्या प्रश्नात आहे. ‘शेताचं उत्पन्न’ म्हणजे नेमकं कुठलं? उभ्या पिकात होतं ते? कापणी, मळणी, वाळवण यांत गळून शेतकऱ्याच्या कणगीत पडलं ते? या दोन वेगळ्या संख्या आहेत, दोन वेगळे म्यू आहेत. आणि ते कुणाचं उत्पन्न? एका शेतकऱ्याचं, गावाचं, की महसूल मंडळाचं? हा शब्दच्छल नव्हे हो. महाराष्ट्रात गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचं दार उघडतं, वर राहिली की बंद. ती गावाची संख्या असते. पीक विम्यात मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठ्याखाली जातं का हे कापणी प्रयोगांवरून ठरवण्याची पद्धत आहे. एखाद्याचं शेत ओढ्याकाठी आहे, सगळं वाहून गेलं, आणि मंडळातल्या माळावरच्या शेतांनी बरं पिकवलं, तर या हिशेबात त्याचं नुकसान दिसतच नाही. तो ओरडतो, ‘आकडे खोटे आहेत.’ आकडे खोटे नसतीलही. पण ते त्याचे नाहीत. पॅरामीटर मंडळाचा आहे, आणि घर त्याचं बुडालंय. चौकटीतली व्याख्या शिकलेल्या अधिकाऱ्याला या माणसाला काय सांगावं ते कळत नाही, कारण पॅरामीटर कुणाचा हा प्रश्न त्याला कुणी शिकवलेलाच नसतो.

सुखात्मे पुढे रोमला गेले. १९५१ पासून वीस वर्षं जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहिलं, आणि १९७१ च्या सुमारास पुण्यात परत आले. त्याच वर्षी पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दारिद्र्य मोजायचं कसं, तर दरडोई रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब. या मापाने १९६०-६१ साली ग्रामीण भागातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतले जवळपास पन्नास टक्के लोक रेषेखाली गेले. देशाला हा आकडा हलवून गेला. आणि सुखात्मे म्हणाले, हे मोजमापच चुकलंय.

या वादाकडे आपण जरा सावकाश बघू, कारण पॅरामीटर या विषयावर एवढा चांगला पाठ मराठी मुलखात तरी दुसरा झालेला नाही. तो कुठल्याही प्राथमिक पुस्तकात नाही, हा भाग वेगळा.

सुखात्मे यांचा युक्तिवाद आधी घ्या. २२५० हा आकडा म्हणजे गरजेची सरासरी. माणसामाणसाची गरज वेगळी असते. समजा देशातला प्रत्येक माणूस स्वतःच्या गरजेएवढंच जेवतो, ना कमी ना जास्त. एकही भुकेला नाही. आता सरासरी गरजेची रेघ मारा आणि तिच्याखाली किती जेवतात ते मोजा. साधारण निम्मे! म्हणजे ज्या देशात एकही उपाशी नाही तिथे हे माप पन्नास टक्के उपाशी दाखवणार. तर्क इथे बिनतोड आहे. त्यावर सुखात्मे आणखी पुढे गेले. एकाच माणसाची गरजसुद्धा रोज सारखी नसते, शरीर कमीजास्त अन्नाशी जुळवून घेतं, त्याचं कामकाज एका पट्ट्यात चालतं. म्हणून रेघ सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून जो आकडा येईल तिथे मारा. त्याच्याखाली जो आहे तोच निश्चित उपाशी. अर्थातच या मापाने उपाशी माणसांची संख्या बरीच खाली आली.

आता दुसरी बाजू. गरज घंटाकृती वितरणात पसरलेली आहे असं धरलं, तर सरासरीच्या दोन विचलनं खाली गरज असणारी माणसं शंभरात दोन-अडीच. म्हणजे जो माणूस बरोबर त्या रेघेवर जेवतो त्याला ते अन्न पुरत असण्याची शक्यता शंभरात दोन-अडीच! सत्त्याण्णव जणांना ते कमीच पडत असणार, आणि तरी माप त्यांना ‘उपाशी नाही’ असं म्हणणार. पहिली रेघ पोट भरलेल्याला उपाशी ठरवते, दुसरी उपाश्याला पोट भरलेला ठरवते. वर हेही आहे की पाहणीत मिळणारे आकडे कुटुंबाचे असतात, एकेका माणसाचे नाहीत. व्यक्तीचं विचलन कुटुंबाच्या सरासरीला लावता येत नाही. उंच आणि ठेंगणा एका घरात आले की फरक एकमेकांत जिरतात.

एक कल्पित घर घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पाच माणसं. शेतमजुरी करणारा बाप, रोज २८०० कॅलरी खातो, गरज २७००. आई खाते १७००, गरज २१००. मोठा मुलगा २१००, गरज १९००. धाकटी मुलगी १५००, गरज १४००. आजी १९००, गरज तेवढीच. घराचं एकूण खाणं दहा हजार, एकूण गरज दहा हजार. दरडोई २००० दोन्हीकडे. आता विचारा, या घरात उपाशी किती? कुटुंबाच्या दरडोई हिशेबाने शून्य. व्यक्तीच्या खाण्याची सरासरी गरजेशी तुलना केली तर तीन, कारण आई, मुलगी आणि आजी २००० च्या खाली आहेत. प्रत्येकाच्या स्वतःच्या गरजेशी तुलना केली तर एक. ती एक म्हणजे आई. सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारी.

इथे नमुना नाही, संभाव्यता नाही, अज्ञात काही नाही. पाचही माणसं मोजली, सगळं कळलं. तरी ‘उपाशी माणसांचं प्रमाण’ या एका नावाचे तीन पॅरामीटर निघाले: शून्य, साठ टक्के, वीस टक्के. यातला खरा कुठला? तुम्ही म्हणाल, वीस, उघड आहे. कबूल. पण तो काढायला प्रत्येक माणसाचं नेहमीचं खाणं आणि प्रत्येकाची गरज, दोन्हींची जोडी लागते. खाण्याचं वितरण वेगळं ठाऊक असून चालत नाही, गरजेचं वेगळं ठाऊक असूनही नाही. कुणाच्या गरजेसमोर कुणाचं ताट आलं हे कळायला हवं. कुटुंबाच्या खर्चाची पाहणी लाख घरांची करा, कोटीची करा, ही जोडी तीतून निघणार नाही. पुस्तकातला ‘अज्ञात’ हा शब्द असा आभास देतो की नमुना वाढवत गेलं की अज्ञान आटत जाईल. हे अज्ञान नमुन्याने आटणारं नाही.

आमचं मत विचाराल तर ते असं. सरासरीवर रेघ मारण्यातली चूक सुखात्मे यांनी दाखवली ती शंभर टक्के बरोबर, आणि ती दाखवायला संख्याशास्त्रज्ञच लागत होता. पण शरीर जुळवून घेतं, म्हणून कमी अन्न पुरतं, ही उडी आम्हांला मान्य नाही. शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं? वजन उतरतं, काम मंदावतं, पोराची वाढ खुंटते. चालू राहणं आणि पुरेसं असणं या दोन गोष्टी नव्हेत का? सी. गोपालन यांच्यासारख्या आहारशास्त्रज्ञांनी लहान चणीची मुलंही निरोगीच असतात या मताला जो कडाडून विरोध केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. ‘गरज’ हा शब्द वर्णनाचा वाटतो पण त्याच्या पोटात एक मूल्य असतं: कशासाठी गरज? नुसतं जगायला, की दिवसभर खुरपून संध्याकाळी मुलाला गोष्ट सांगण्याइतकं त्राण उरायला? हे ठरल्याशिवाय म्यू स्थिर होत नाही. आणि हे ठरवणं संख्याशास्त्राचं काम नाही, हे मात्र संख्याशास्त्रज्ञांनी मोठ्याने सांगायला हवं होतं. दोघंही थोर माणसं, दोघांचाही हेतू स्वच्छ. पण वाद असा चालला जणू एकच पॅरामीटर आहे आणि एकाचा अंदाज चुकलाय. वास्तविक दोघं दोन वेगळ्या पॅरामीटरविषयी बोलत होते, आणि खरं भांडण कुठली चूक जास्त महाग याविषयी होतं.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० कॅलरी धरल्या, आणि त्यावरून निघालेली रेषा किंमतवाढीप्रमाणे पुढे सरकवत नेली. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एक वेगळाच गोंधळ झाला. अन्नावरचा खर्च त्याच घरांना सात दिवसांचाही विचारला आणि तीस दिवसांचाही. सात दिवसांचं उत्तर दिलेला माणूस तीस दिवसांचं उत्तर त्याच्याशी जुळवून देतो, माणसाचा स्वभावच आहे तो. सरकारी आकडा २६ टक्क्यांवर आला, आणि आधीच्या ३६ टक्क्यांशी त्याची तुलना करायची की नाही यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. प्रश्न विचारण्याची रीत बदलली की मोजली जाणारी वस्तूच बदलते, हे पुस्तकातल्या चौकटीत कुठे बसवणार?

मग २००९ चा सुरेश तेंडुलकर समितीचा अहवाल. २००४-०५ च्या पाहणीवरून देशातली गरिबी आधी २७.५ टक्के सांगितली होती. समितीने कॅलरीचा खुंटा सोडला, शहरी गरिबीरेषेचा जो वस्तूंचा संच होता तोच खेड्यांनाही लावला, आणि त्याच वर्षासाठी, त्याच पाहणीवरून, आकडा ३७.२ झाला. शहरी आकडा तिथेच राहिला, २५.७. ग्रामीण २८.३ वरून ४१.८ वर गेला. वर्ष तेच आणि सव्वा लाखाच्या आसपास घरंही तीच. एकाही माणसाच्या ताटात एक घास कमी-जास्त झाला नाही, आणि दहा कोटींहून अधिक माणसं गरीब झाली. किंवा गरीब म्हणून दिसू लागली, कसं म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता यावर कॉन्फिडन्स इंटरव्हल लावा. विद्यार्थ्याला ९५ टक्क्यांचा पट्टा काढायला शिकवतात, आणि तो पट्टा म्हणजे पॅरामीटर तिथे असण्याची ९५ टक्के शक्यता, असा समज घेऊन तो बाहेर पडतो. नेमान यांनी १९३७ साली मांडलेली कल्पना तशी नव्हती. ९५ टक्के हे पद्धतीच्या यशाचं प्रमाण, हातातल्या एका पट्ट्याचं नव्हे. पण हा गैरसमज पुष्कळ पुस्तकं आता दूर करतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मोठा गैरसमज पुढचा आहे. एवढ्या घरांच्या पाहणीत नमुन्यामुळे येणारी देशपातळीवरची अनिश्चितता एखाद्या टक्क्याच्याही आत राहते. व्याख्या बदलल्याने पडलेला फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा. म्हणजे पट्टा जे झाकतो ते किती बारीक, आणि जे झाकत नाही ते केवढं! वर्तमानपत्रात ‘चुकीची मर्यादा अमुक टक्के’ असं छापून येतं तेव्हा ती मर्यादा फक्त ढवळण्याच्या चुकीची असते. आपण भात शिजलाय का विचारलं की मीठ विचारलं, ते त्या मर्यादेत धरलेलं नसतं.

मग सगळंच मानण्यावर आहे, आकडे म्हणजे सोंग, असं म्हणून मोकळं व्हायचं का? आम्ही वर्गात पाहिलंय, हुशार मुलं या वळणावर पटकन तिकडे उडी मारतात. ते चूक आहे. नियम एकदा ठरला की उत्तर आपल्या इच्छेप्रमाणे वाकत नाही. त्या कल्पित घरात कुटुंबाचं माप घेतलं तर शून्यच येईल, तुम्हांला कितीही वाटलं की दोन यावेत, तरी. माप निवडणं आपल्या हातात, मापाने काय दाखवायचं हे आपल्या हातात नाही. पाचकत्व ही उपाधी असली म्हणून गावात स्वयंपाकी किती हे मनाला येईल ते सांगता येत नाही. आणि मापंही सगळी सारखी नसतात: आईला शून्यात घालणारं माप वाईट आहे, हे पुराव्याने आणि कारणं देऊन सांगता येतं.

तेंडुलकर समितीवर टीका झाली, म्हणून सी. रंगराजन यांची समिती आली. २०१४ च्या तिच्या अहवालात २०११-१२ साठी गरिबी २९.५ टक्के धरली. तेंडुलकर पद्धतीने तीच २१.९ होती. रंगराजन समितीने कॅलरी परत आणल्या, ग्रामीण भागासाठी २१५५, शहरी भागासाठी २०९०, आणि जोडीला प्रथिनं आणि स्निग्धांश. हे आकडेही गरजेच्या सरासरीचेच, आणि तुलना पुन्हा कुटुंबाच्या दरडोई खर्चाशीच. पुण्यातल्या त्या वादाला तोवर चाळीस वर्षं होऊन गेली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.